तालुक्याची आरोग्य यंत्रणा भक्कम करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

एका गावात एकाच दिवशी जुलाब-उलट्यांचे पाच रुग्ण निघाले. ही खबर तालुका आरोग्य अधिकाऱ्यापर्यंत किती तासांत पोचली? पाण्याचा नमुना कधी घेतला गेला? दूषित पाण्याचा पुरवठा कधी थांबला? तालुक्याच्या आरोग्य यंत्रणेत किती दम आहे, हे या तीन उत्तरांवरून कळतं. चर्चा मात्र बहुतेक वेळा रिक्त पदांच्या टक्केवारीवर सुरू होते आणि तिथेच संपते. पदं भरलीच पाहिजेत, त्यात दुमत नाही. पण कागदावर सगळी पदं भरलेल्या तालुक्यातही साथ आठ-आठ दिवस उशिरा कळते. ते का घडतं आणि दुरुस्ती कुठून सुरू करायची, हे महाराष्ट्रातल्या एका सर्वसाधारण ग्रामीण तालुक्याचं उदाहरण घेऊन पाहू.

रचना थोडक्यात

सपाट भागात 5,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, 30,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगराळ आणि आदिवासी भागात हेच आकडे 3,000 आणि 20,000. उपकेंद्रात आरोग्य सेविका, आरोग्य सेवक आणि गेल्या काही वर्षांत समुदाय आरोग्य अधिकारी. गावात साधारण हजार लोकांमागे एक आशा, आशांवर गटप्रवर्तक. प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी, औषध निर्माण अधिकारी, प्रयोगशाळेचा माणूस, आणि सेवक-सेविकांच्या कामावर देखरेख करणारे आरोग्य सहायक व आरोग्य सहायिका. या सगळ्यांवर तालुका आरोग्य अधिकारी, त्यांच्या वर जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी.

ग्रामीण रुग्णालय मात्र या साखळीत येत नाही. ते जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत असतं. म्हणजे गावात आजार पसरतो तो जिल्हा परिषदेच्या यंत्रणेत आणि गंभीर झालेला रुग्ण दाखल होतो तो दुसऱ्याच यंत्रणेत. तालुक्याच्या गावी नगरपरिषद असली तर तिसराच कारभार. तिथल्या आरोग्य विभागाचं मुख्य काम कचरा आणि गटारं, प्रमुख म्हणून स्वच्छता निरीक्षक, आणि साथीचा तपास जाणणारा डॉक्टर अनेकदा कुणीच नाही. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य हा विषय नगरपालिकांकडे दिलेला आहे, अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे. विषय दिला गेला, त्याबरोबर माणसं तेवढ्या प्रमाणात गेली नाहीत.

पद भरलेलं आहे, माणूस कुठे आहे?

पहिलं काम म्हणजे खरी हजेरी काढणं. मंजूर, भरलेली आणि रिक्त अशा तीन रकान्यांचा तक्ता प्रत्येक कार्यालयात असतो. त्यात चौथा रकाना घालावा लागतो: मूळ जागी प्रत्यक्ष काम करणारे. आरोग्य खात्यात ‘कामगिरीवर’ हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. दुर्गम केंद्रातल्या सेविकेचा पगार तिथूनच निघतो, पण ती कामगिरीवर असते तालुक्याच्या गावी. औषध निर्माण अधिकारी कामगिरीवर जिल्ह्याच्या भांडारात. कागदावर पद भरलेलं, त्यामुळे भरतीची मागणी करता येत नाही. जागेवर माणूस नाही, त्यामुळे काम होत नाही. रिक्त पदापेक्षा ही अवस्था वाईट, कारण ती कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

पाचवा रकाना अतिरिक्त कार्यभाराचा. एका सेविकेकडे दोन उपकेंद्रं असली तर दोन्हीकडे अर्धं-अर्धं काम होतं असं नाही. लसीकरणाचे दिवस दोन्हीकडे पाळले जातात, कारण ते तपासले जातात. घरभेटी दोन्हीकडे गळतात.

सहावा रकाना: येत्या 24 महिन्यांत निवृत्त होणारे. हा तक्ता बहुतेक ठिकाणी केलाच जात नाही, आणि गट क ची भरती किती वेळ खाते हे लक्षात घेतलं तर त्याची किंमत कळते. आकृतिबंध (कुठे किती पदं याचा आराखडा) मंजूर असावा लागतो, बिंदुनामावली (कुठलं पद कुठल्या आरक्षणाचं याची यादी) तपासून घ्यावी लागते, मग जाहिरात, परीक्षा, कागदपत्र पडताळणी, समुपदेशनाने नेमणूक. यातल्या कुठल्याही टप्प्यावर गाडी अडते. जिल्हा परिषदांची 2019 मध्ये जाहीर झालेली भरती रखडत जाऊन शेवटी रद्द झाली आणि 2023 मध्ये नव्याने जाहिरात काढावी लागली. आरोग्य विभागाची 2021 ची गट क आणि ड ची परीक्षा पेपरफुटीनंतर रद्द झाली. उमेदवारांची वर्षं गेलीच, शिवाय तेवढी वर्षं उपकेंद्रं रिकामी राहिली. तालुका पातळीवरून परीक्षा घेता येत नाही, पण निवृत्तीच्या दोन वर्षं आधी मागणी पाठवणं आणि आपली बिंदुनामावली अद्ययावत आहे का याचा जिल्हा परिषदेकडे पाठपुरावा करणं, हे तालुक्याच्या हातात आहे.

आरोग्य सेवक (पुरुष) या पदाबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. या पदाच्या भरतीत 50 टक्के जागा हंगामी फवारणी कर्मचाऱ्यांसाठी राखीव असतात. हा चांगला निर्णय आहे, असं आमचं मत आहे. पावसाळ्यात घरोघरी फवारणी केलेल्या माणसाला गावाचा नकाशा पाठ असतो. मात्र त्याला रक्ताचा नमुना घेणं, ताप सर्वेक्षण आणि पाणी तपासणी यांचं शिक्षण रुजू झाल्याबरोबर मिळायला हवं. ते वर्षभराने मिळालं, तर तेवढा काळ ते पद अर्धंच भरलेलं राहतं.

पदं मोजू नका, तास मोजा

एका उपकेंद्राला किती माणसं लागतात? लोकसंख्येचा निकष हे एक उत्तर झालं. जागतिक आरोग्य संघटनेची एक पद्धत कामाच्या भारावरून माणसं ठरवते. तिचं तत्त्व सोपं आहे: वर्षभरात करायच्या कामाला किती तास लागतात ते काढा, एका माणसाकडे खरोखर किती तास असतात ते काढा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा.

आधी हातात असलेले तास. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येक तालुक्याने स्वतःचे घालावेत. 365 दिवसांतून 52 रविवार गेले, 313 उरले. सार्वजनिक सुट्ट्या 20, किरकोळ रजा 8, अर्जित रजा 15, आजारपण 5, प्रशिक्षण 10, सभा महिन्याला दोन म्हणजे 24. हे 82 दिवस वजा केले की 231. त्यातून कुष्ठरोग-क्षयरोग शोधमोहीम, पल्स पोलिओ, जंतनाशक दिन अशा मोहिमांचे 25 दिवस काढा. राहिले 206 दिवस. दिवसाला 7 तास धरले तर 1,442 तास.

आता 5,000 लोकसंख्येच्या उपकेंद्रातलं काम. वर्षाला साधारण 82 गरोदर माता, प्रत्येकीच्या किमान 4 तपासण्या, एका तपासणीला 20 मिनिटं: 110 तास. लसीकरण सत्रं 48, प्रत्येकाला 5 तास, शिवाय लाभार्थ्यांची यादी आणि पूर्वतयारीला 2 तास: 336. तिशीपुढच्या 2,200 लोकांची रक्तदाब आणि मधुमेहासाठी वर्षातून एकदा तपासणी, माणशी 10 मिनिटं: जवळपास 370. त्यातून सापडलेल्या 300 रुग्णांची दरमहा 5 मिनिटांची भेट: 300. बाळंतिणींच्या आणि लस चुकलेल्या बाळांच्या घरभेटी: 200. पाण्याचे नमुने, शाळा, ग्राम समितीच्या बैठका: 60. नोंदवह्या आणि संगणकातली माहिती, रोज फक्त एक तास धरला तरी 206. बेरीज 1,582. वाडी-वस्तीवर जाण्यायेण्याचा रोजचा एक तास धरला की 1,788.

1,788 भागिले 1,442 म्हणजे सव्वा माणूस. यात एकही साथ नाही, एकही बाळंतपण नाही, तापाच्या रुग्णांचं सर्वेक्षण नाही. तिघांचं पथक जागेवर असेल तर हे सगळं आरामात बसतं, सर्वेक्षणालाही वेळ उरतो. सेवकाचं पद रिक्त आणि समुदाय आरोग्य अधिकारी रजेवर, अशी वेळ आली की एकट्या सेविकेचे तास संपतात.

आणि तास संपले की काम सगळीकडून सारखं कमी होत नाही. ज्या कामाबद्दल त्याच दिवशी कुणी विचारत नाही, ते आधी सुटतं. बाळाला लस दिली नाही तर आई विचारते. गोळ्या संपल्या तर रुग्ण विचारतो. पोर्टलवर माहिती भरली नाही तर वरून फोन येतो. पण ‘या आठवड्यात तुझ्या गावात तापाचे रुग्ण नेहमीपेक्षा जास्त आहेत का’ असं कुणी विचारत नाही. त्यामुळे साथरोगाची टेहळणी सगळ्यात आधी बंद पडते आणि ती बंद पडल्याचं साथ आल्यावरच कळतं. मनुष्यबळ वाढवण्याच्या कोणत्याही आराखड्यात या कामाचे तास वेगळे राखून ठेवावे लागतात. आठवड्यात एक ठरलेली अर्धी पाळी, त्या वेळात दुसरं काम सांगायचं नाही. एवढा साधा नियमही पाळला गेला तर फरक पडतो.

तासांच्या या हिशोबाचा आणखी एक उपयोग होतो. एकच माहिती तीन नोंदवह्यांत आणि दोन पोर्टलवर भरावी लागते, हे त्यातून आकड्यात दिसतं. रोजचा एक तास वाचवला तर पाच उपकेंद्रांत मिळून वर्षाला हजार तास हाती येतात, म्हणजे एका माणसाचं सुमारे 70 टक्के काम. नवं पद मंजूर करून आणण्यापेक्षा एक नोंदवही रद्द करून घेणं सोपं असतं, आणि त्याचा आग्रह तालुका आरोग्य अधिकाऱ्याने जिल्ह्याच्या सभेत धरायला हवा.

मधली फळी

एका आरोग्य सहायिकेने साधारण सहा उपकेंद्रांवर देखरेख करायची असते. सहायक आणि सहायिकांची ही फळी यंत्रणेचा कणा आहे आणि दुर्लक्षही तिच्याकडेच जास्त झालं. यातली बरीच पदं पदोन्नतीने भरायची असतात. ज्येष्ठता यादी अडली की पदोन्नती अडते आणि जागा वर्षानुवर्षं प्रभारी माणसावर चालते. प्रभारी माणूस स्वतःचं उपकेंद्र सांभाळून दुसऱ्यांची तपासणी कशी करणार?

शिवाय देखरेख म्हणजे नोंदवहीवर तारखेसह सही, अशी समजूत रुजली आहे. नोंदवही नीटनेटकी आहे हे पाहून काहीच कळत नाही. उपयोगी भेट अशी असते: नोंदवहीतली कुठलीही पाच नावं निवडायची आणि त्या पाच घरी जायचं. सेविका खरंच आली होती का, बाळाचं वजन नोंदलं तेवढंच आहे का, रक्तदाबाच्या गोळ्या घरात आहेत का. मग प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसीच्या फ्रिजचं तापमान स्वतः पाहायचं. ते 2 ते 8 अंशांत हवं, आणि दिवसातून दोनदा लिहायची नोंद सलग महिनाभर ‘4, 4, 4’ अशी दिसली तर ती न पाहता लिहिलेली आहे असं समजायचं. शेवटी जी चूक सापडली ती तिथेच, सेविकेसोबत काम करून, दाखवायची. कारणे दाखवा नोटीस हा शेवटचा मार्ग. पहिल्याच भेटीत ती वापरली की पुढच्या वेळी खोटी माहिती मिळते.

अशा देखरेखीने काय होतं, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकवलं. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झालेला होता. आशांच्या आजच्या घरभेटी (दवाखान्यात बाळंतपण झालं तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी) याच कामातून देशभर गेल्या. पण मूळ प्रयोगात त्या गावकरी आरोग्यदूतांच्या कामाची नियमितपणे प्रत्यक्ष गावात जाऊन तपासणी होत होती, चुका तिथल्या तिथे दुरुस्त केल्या जात होत्या. देशभर पसरताना भेटींचं वेळापत्रक पोचलं, तपासणी तेवढ्या घट्टपणे पोचली नाही.

साथीचा तपास: शिकवायचं ते हे

प्रशिक्षण म्हटलं की पाच दिवस प्रशिक्षण केंद्रात बसून पडद्यावरच्या चित्रफिती पाहणं, असं चित्र असतं. त्याऐवजी तालुक्याच्या पथकाला एक काम अगदी पक्कं शिकवावं: दूषित पाण्याच्या साथीचा पहिल्या 48 तासांतला तपास. यात नोंद, मोजणी, नमुना, प्रयोगशाळा, ग्रामपंचायतीशी बोलणं हे सगळं येतं. हे जमलेलं पथक डेंग्यूलाही तयार असतं.

क्रम असा. आधी रुग्णांची यादी: नाव, वय, वस्ती, लक्षणं सुरू झाल्याची तारीख आणि वेळ, पाणी कुठलं पितात. दाखल झाल्याची तारीख लिहिणं ही नेहमीची चूक. साथ कधी सुरू झाली हे लक्षणांच्या तारखेवरून कळतं, दाखल होण्याच्या तारखेवरून नाही. मग त्या तारखांचा साधा स्तंभालेख कागदावर काढायचा. एकदम उंच चढून उतरला तर लागण एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून झाली असण्याची शक्यता जास्त. हळूहळू वाढत गेला तर अजून लागण सुरू आहे.

मग गावचा नकाशा. जलवाहिनी, व्हॉल्व, टाकी, विहिरी, गटारं काढायची आणि रुग्णांच्या घरांवर खुणा करायच्या. त्यानंतर भागाकार, आणि इथेच बहुतेक पथकं अडतात. समजा वरच्या आळीत 60 माणसं, 24 आजारी: 40 टक्के. खालच्या आळीत 120 माणसं, 6 आजारी: 5 टक्के. नुसते रुग्ण मोजले तर 24 आणि 6 एवढंच दिसतं. लोकसंख्येने भागल्यावर वरच्या आळीत लागण आठपट आहे हे दिसतं. मग त्या आळीचा व्हॉल्व गटारात बुडालेला आहे का ते पाहायला जायचं.

नमुन्यांच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक घाईतून होते. साथ कळली की पहिला माणूस टाकीत टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर टाकतो आणि मग पाण्याचा नमुना घेतो. अर्थातच नमुना शुद्ध येतो आणि पाणी दूषित नव्हतं असा अहवाल तयार होतो. नमुना आधी, टीसीएल नंतर, हा क्रम भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. जिवाणू तपासणीची बाटली निर्जंतुक असावी, तिच्यात सोडियम थायोसल्फेट असावं म्हणजे आधीच असलेला क्लोरीन निष्प्रभ होतो, ती थंड ठेवून 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावी. आदल्या दिवशी घरून आणलेल्या पाण्याच्या बाटलीतला नमुना कितीही वेळा तपासला तरी उपयोग नाही. रुग्णाच्या शौचाचा नमुनाही प्रतिजैविक सुरू करण्याआधी घ्यायचा आणि कॉलऱ्याची शंका असेल तर कॅरी-ब्लेअर माध्यमात (त्यात जिवाणू प्रयोगशाळेपर्यंत टिकतात) पाठवायचा. हे माध्यम ग्रामीण रुग्णालयात आहे का, मुदतीत आहे का, हे मे महिन्यातच पाहून ठेवावं लागतं.

टीसीएलचंही असंच. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की तो उडून जातो. 20 टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरायला अयोग्य धरतात. मात्रा तीच, पावडर मेलेली, तर पाण्यात क्लोरीन उतरत नाही. म्हणून पाणी शुद्ध झालं की नाही हे पोत्यावरून ठरवायचं नसतं, शेवटच्या नळावर ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन असला तर द्रावण पिवळं होतं) करून ठरवायचं असतं. टाकीजवळच्या नळावर पिवळा रंग येतो आणि गावाच्या टोकाला येत नाही, असं वारंवार दिसतं. टोकाच्या नळाला किमान 0.2 पीपीएम क्लोरीन हवा. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक हे रोज करतो की नाही हे आरोग्य सेवकाने आठवड्यातून एकदा स्वतः चाचणी करून पाहावं. वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता पाहणी होते आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल कार्ड देऊन विसरून गेलं तर ते फक्त कागद. गटविकास अधिकाऱ्याच्या सभेत लाल कार्डाची गावं नावानिशी वाचली गेली पाहिजेत.

या सगळ्याचा सराव कोरड्या दिवसांत करता येतो. जुन्या साथीची 40 रुग्णांची यादी नावं काढून पथकाला द्यायची आणि दोन तासांत आलेख, नकाशा आणि प्रत्येक वस्तीचं प्रमाण काढायला लावायचं. वर्षातून दोनदा, त्यातला एकदा मे महिन्यात.

खबर येते कुठून

एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम 2004 मध्ये सुरू झाला. आता त्याची माहिती 2021 पासून चालू झालेल्या एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर भरली जाते. सेविका लक्षणांवरून ‘एस’ हा फॉर्म भरते, डॉक्टर ‘पी’, प्रयोगशाळा ‘एल’. तिन्ही भरले जातात, पण ते एकत्र पाहणारं कुणी नसलं तर उपयोग होत नाही. तालुक्यात एका माणसाने, नावानिशी ठरवलेल्या, रोज सकाळी अर्धा तास हे पाहायचं आणि ग्रामीण रुग्णालयात एक फोन करायचा: काल रात्री कुठल्या गावचे, कशाचे रुग्ण दाखल झाले? दोन यंत्रणांमधली फट बुजवायला एवढं पुरतं.

खासगी डॉक्टर ही दुसरी फट. पुण्यात जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता आणि लगतच्या, महापालिकेत नव्याने आलेल्या गावांच्या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे (हातापायांत लकवा आणणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा खासगी रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत एकदम बरेच रुग्ण दिसू लागल्यावर ते लक्षात आलं. पुढे रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली. शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. लकव्याच्या आधी अनेकांना जुलाब झाले होते. जुलाबाची खबर मोहल्ल्यातल्या छोट्या दवाखान्यांतून वर आली, तर मोठ्या रुग्णालयापर्यंत गोष्ट जायच्या आधी हालचाल करता येते. म्हणून तालुक्यातल्या खासगी डॉक्टरांची फोन क्रमांकांसह यादी हवी, आणि त्यांना अर्ज भरायला न लावता फोनवर खबर घेण्याची सोय हवी. त्यांनी खबर दिल्यावर पुढे काय निघालं हे त्यांना कळवायला हवं. न कळवल्यास ते दुसऱ्यांदा फोन करत नाहीत.

असं जाळं या देशात उभं राहिलेलं आहे. पोलिओसाठी 15 वर्षांखालच्या मुलाला अचानक लुळेपणा आला की 14 दिवसांच्या आत, 24 तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेतले जातात आणि थंड पेटीतून ठरलेल्या प्रयोगशाळेत जातात. रुग्ण नसला तरी दर आठवड्याला ‘शून्य’ असा अहवाल द्यावा लागतो. भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला आढळला, 27 मार्च 2014 ला भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला, आणि जाळं तरीही चालू ठेवलं आहे. ते टिकलं कारण काम नेमकं होतं, मुदत ठरलेली होती, प्रयोगशाळा ठरलेली होती, आणि अहवाल आला नाही तर विचारणारा माणूस होता. जुलाब, गोवर, डेंग्यू यांसाठी तालुक्यात हेच चार धागे जोडायचे आहेत.

मोजायला 7-1-7 हे माप सोयीचं आहे. साथ सुरू झाल्यापासून 7 दिवसांत कळली का, कळल्यापासून 1 दिवसात वर कळवली का, पुढच्या 7 दिवसांत सुरुवातीचे आवश्यक उपाय पूर्ण झाले का. प्रत्येक साथीनंतर हे तीन आकडे लिहायचे आणि उशीर झाला असेल तर तो कुठल्या टप्प्यावर, गाडी नव्हती म्हणून की नमुन्याची बाटली नव्हती म्हणून, हे लिहायचं. वर्षभरात सहा-सात अशा नोंदी झाल्या की पुढच्या वर्षी पैसा कुठे घालायचा हे आपोआप दिसतं.

माणसं टिकवणं आणि पैसा

राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी माणसांना 11 महिन्यांचे आदेश मिळतात. दरवर्षी नूतनीकरणाच्या सुमारास महिनाभर काम मंदावतं आणि शिकवलेला माणूस दुसरीकडे कायम नोकरी मिळाली की जातो. कायम करण्याचा निर्णय राज्याचा आहे. तालुका निदान एवढं करू शकतो: आदेश संपायच्या 45 दिवस आधी प्रस्ताव पाठवणं, पगार वेळेत काढणं, आणि प्रत्येक महत्त्वाचं काम दोघांना येत असेल असं पाहणं. शीतसाखळी सांभाळणारा एकच माणूस असेल, तर त्याच्या रजेच्या दिवशी लसींचा फ्रिज बंद पडल्याचं कुणाला कळतही नाही.

दुर्गम भागात डॉक्टर टिकण्यामागे पगाराइतकंच घर, पाणी आणि मुलांची शाळा हे प्रश्न असतात. सेवेतल्या डॉक्टरांना दुर्गम भागातल्या प्रत्येक वर्षासाठी पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत 10 टक्के, कमाल 30 टक्के वाढीव गुण मिळू शकतात. त्यामुळे बरेच जण तीन वर्षांनी जातात. हे गृहीत धरून त्यांच्या जागी येणाऱ्याची महिनाभर आधी नेमणूक मागावी, म्हणजे निदान काही दिवस दोघं एकत्र काम करतात.

निधीची अडचण रकमेत कमी आणि वेळेत जास्त असते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 या काळासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यासाठी 70,051 कोटी रुपयांची शिफारस केली होती. त्यात तालुका सार्वजनिक आरोग्य केंद्रांचा, म्हणजे तालुक्यालाच प्रयोगशाळा आणि माहिती विश्लेषणाची सोय देण्याचा भाग होता. इमारती झाल्या आणि त्यात बसायला प्रयोगशाळेचा माणूस नाही, असं होऊ नये म्हणून इमारतीचा प्रस्ताव जातानाच पदांचा प्रस्ताव सोबत हवा. अभिकर्मकांचा (तपासणीच्या रसायनांचा) वर्षभराचा खर्च आणि यंत्रांच्या देखभालीचा करार हेही त्याच कागदात हवेत.

लहान रकमा याहून लवकर कामी येतात. उपकेंद्राचा अबंधित निधी (ठरावीक कामाशी न बांधलेला पैसा) 50,000 रुपये, प्राथमिक आरोग्य केंद्राचा 1,75,000. बाटल्या, ओटी द्रावण, सेवकाच्या मोटारसायकलचं पेट्रोल, फ्रिजचा स्टॅबिलायझर दुरुस्त करणं ही कामं यातून होतात. पैसा फेब्रुवारीत उतरतो आणि मार्चअखेर खर्चायचा असतो, म्हणून खुर्च्या आणि पंखे घेतले जातात. खरेदीची यादी आणि दरपत्रकं ऑक्टोबरमध्येच रुग्ण कल्याण समितीपुढे मंजूर करून ठेवली, तर फेब्रुवारीतला पैसा जूनच्या साथीच्या उपयोगी पडतो. समितीच्या बैठकीत सरपंच आणि गावातली माणसंही असतात. त्यांनी तिथे रिक्त पदांचा आकडा विचारावाच. सोबत मागच्या तीन साथींचे 7-1-7 चे आकडे आणि कामगिरीवर गेलेल्यांची नावांसह यादी इतिवृत्तात नोंदवून मागावी.